आधी नक्कल, मग दुरुस्ती

लखनौच्या उत्तरेला, कुर्सी रोडच्या अंगाला विकास नगर आहे. मे-जूनमध्ये इथे वीज जाते, येते, पुन्हा जाते, आणि दर वेळी इन्व्हर्टर टक् करून भार घेतो. या ये-जा करणाऱ्या विजेत घरातला डेस्कटॉप बंद पडून सुरू होत राहतो. मग एखाद्या दिवशी विंडोज नेहमीसारखं उघडतं, पण दुसरी हार्ड डिस्क दिसत नाही. किंवा दिसते, आणि तिच्यावर क्लिक केलं की खिडकी येते: ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉर्मेट करावी लागेल, करायची का?

नाही करायची. ‘कॅन्सल’ दाबायचं. आपल्याला तिथलं काही वाचता आलं नाही, एवढंच विंडोज त्या खिडकीतून सांगत असतं. तिथे काही उरलेलं नाही, असं ते सांगत नसतं. बहुतेक वेळा त्या क्षणी सगळा डेटा जागच्या जागी असतो, आणि तो जातो तो त्यानंतरच्या तासाभरात, घाबरलेल्या माणसाच्या हातून.

दुसऱ्या डिस्कबद्दल माणूस जास्त घाबरतो, त्याला कारण आहे. पहिल्या डिस्कवर विंडोज असतं. ते बिघडलं तर दुकानातला मुलगा तासाभरात नवं विंडोज मारून देतो. दुसरीवर आपण जपायच्या गोष्टी ठेवतो: लग्नाचे फोटो, टॅलीचा डेटा, आईवडिलांच्या पेन्शनचे स्कॅन केलेले कागद. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने १९२६ साली लखनौत मॅरिस कॉलेज सुरू झालं, आणि ते आज भातखंडे संस्कृती विश्वविद्यालय म्हणून उभं आहे. त्या निमित्ताने महाराष्ट्रातली गाणारी माणसं या शहरात येत राहिली. अशा घरात दुसऱ्या डिस्कवर गुरूंच्या तालमीची रेकॉर्डिंग असतात, आणि ते गुरू आता हयात नसतात. अशा डिस्कसमोर ‘फॉर्मेट मार दें?’ हा प्रश्न विचारला जातो तेव्हा काळजात धस्स होतं.

डिस्क दुरुस्त करणं आणि डेटा वाचवणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि बऱ्याचदा ती एकमेकांच्या आड येतात. दुरुस्ती म्हणजे डिस्क पुन्हा चालू होणं, आणि फॉर्मेटने ती चालू होते. डेटा वाचवायचा तर डिस्कवर नवं काहीही न लिहिता आतलं बाहेर काढावं लागतं. दुकानात ‘हार्ड डिस्क ठीक कर दो’ एवढंच सांगितलं, तर समोरचा प्रामाणिकपणे पहिलं काम करेल. आपल्याला दुसरं हवं होतं, हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं.

सुरुवातीला एक साधी गोष्ट तपासून घ्यावी. ‘डी ड्राइव्ह’ म्हणजे दुसरी डिस्क असेलच असं नाही. आपल्याकडे एकाच डिस्कचे सी, डी, ई असे भाग पाडून देण्याची पद्धत वर्षानुवर्षं चालत आली आहे, आणि ‘माझं सगळं डीमध्ये सुरक्षित आहे’ असं म्हणणाऱ्या कित्येकांचा सी आणि डी एकाच चकतीवर असतो. स्टार्टच्या बटणावर उजवी क्लिक करून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडलं की खाली ‘डिस्क ०’, ‘डिस्क १’ अशा ओळी दिसतात. एक ओळ म्हणजे एक खरी डिस्क. डी जर सीच्याच ओळीत असेल, तर त्याच डिस्कवर विंडोज चालू आहे आणि ते क्षणोक्षणी काहीतरी लिहितं आहे. ते लेखन डीच्या हद्दीत सहसा जात नाही, पण डिस्कच आजारी असेल तर ती चालू ठेवणं धोक्याचं. तेव्हा मशीन बंद करून पुढचं काम दुसऱ्या कॉम्प्युटरवर करावं.

डिस्क खरोखरच वेगळी असेल आणि डिस्क मॅनेजमेंटमध्ये तिची ओळच नसेल, तर सॉफ्टवेअरकडे वळण्याआधी कॉम्प्युटरचा डबा उघडावा. मुख्य वायर काढावी आणि डिस्कच्या दोन्ही केबल, डेटाची आणि विजेची, काढून पुन्हा घट्ट बसवाव्यात. डेटा केबल बदलून पाहावी, मदरबोर्डवरचं दुसरं सॉकेट वापरून पाहावं. ज्यांनी नुकतीच नवी एम डॉट टू एसएसडी बसवली आहे, त्यांनी मदरबोर्डचं माहितीपत्रक काढावं. कित्येक मदरबोर्डवर एम डॉट टूची खाच भरली की साटाचे, म्हणजे डिस्कच्या डेटा केबलचे, एक-दोन सॉकेट आपोआप बंद होतात. डिस्क धडधाकट असते, सॉकेटच बंद असतं. बाहेरून लावायच्या डिस्कचं केसिंग डब्याच्या पुढच्या यूएसबीला जोडलं असेल तर ते मागच्या सॉकेटला लावून पाहावं. पुढे पोचणारी वीज अनेकदा कमी पडते.

एक प्रकार लोकांना हमखास चकवतो. केसिंगमधली डिस्क काढून थेट कॉम्प्युटरच्या आत बसवली, की ती रिकामी किंवा ‘रॉ’ दिसते. काही केसिंगमधली चिप डिस्कचे ५१२ बाइटचे सेक्टर ४०९६ बाइटचे म्हणून पुढे करते, तर काही चिप सगळा डेटा स्वतःच सांकेतिक करून लिहितात. चिप मधून काढली की हिशेबच जुळत नाही. डिस्क त्याच केसिंगमध्ये परत घातली, ते बंद पडलं असेल तर हुबेहूब तसंच दुसरं मिळवलं, तर बऱ्याचदा डेटा समोर येतो. मात्र चिप डेटा सांकेतिक करणारी असेल तर नुसतं तसंच केसिंग नेहमी पुरत नाही. तिथे जाणकार लागतो. म्हणून बंद पडलेलं केसिंग कधीही भंगारात टाकू नये.

केबल लावताना कान डिस्ककडे ठेवावा. चालू डिस्कमध्ये चकत्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा फिरतात, आणि वाचणारा हेड त्यांच्यावरून काही नॅनोमीटर अंतरावरून तरंगत जातो. माणसाचा केस या अंतराच्या हजारो पट जाड असतो. हेडला चकतीवरच्या दिशादर्शक खुणा सापडल्या नाहीत की तो मागे जाऊन पुन्हा प्रयत्न करतो, आणि आपल्याला टक-टक-टक असा ठेका ऐकू येतो. हा आवाज येत असेल, किंवा चकती फिरायचा प्रयत्न करून अडकल्यासारखी गुणगुणत असेल, तर तिथेच वीज बंद करायची. ‘एकदा अजून लावून बघू’ म्हणत अशी डिस्क चालू केली की हेड चकतीचा थर खरवडतो, आणि खरवडलेल्या थरावरचा डेटा जगातली कोणतीही प्रयोगशाळा परत आणू शकत नाही. डिस्क फ्रीजमध्ये ठेवण्याचा जुना उपाय अजून सांगितला जातो. लखनौच्या पावसाळी दमट हवेत गार डिस्क बाहेर काढली की तिच्यावर दव धरतं. तो उपाय करू नये.

आवाजच येत नसेल, चकती फिरतच नसेल, तर संशय विजेवर घ्यावा. वीज अचानक गेली म्हणून डिस्क सहसा मरत नाही. वीज तुटताच फिरत्या चकतीची मोटर क्षणभर जनित्राचं काम करते आणि त्या तुटपुंज्या विजेवर हेड सुरक्षित जागी परततो, अशी तिची रचनाच असते. घात होतो तो बहुधा वीज परत येतानाच्या झटक्याने, किंवा बारा व्होल्टच्या डिस्कला लॅपटॉपचा एकोणीस व्होल्टचा अडॅप्टर लावल्याने. अशा वेळी सर्किट बोर्डवरचा एक छोटा संरक्षक डायोड जळून स्वतः शॉर्ट होतो आणि बाकीचा बोर्ड वाचवतो. जाणकार तो काढून डिस्क तात्पुरती जिवंत करू शकतो. तसाच दुसरा बोर्ड आणून लावणं मात्र आताच्या डिस्कवर चालत नाही, कारण बोर्डवरच्या एका चिपमध्ये त्याच एका डिस्कची कारखान्यात केलेली मोजमापं असतात. ती चिप नव्या बोर्डवर हलवावी लागते. हे काम घरचं नव्हे.

आता सगळ्यात मोठा वर्ग: डिस्क फिरते, आवाज नीट आहे, डिस्क मॅनेजमेंटमध्ये ओळ दिसते, पण उघडत नाही. त्या ओळीत काय लिहिलं आहे यावर सगळं ठरतं.

भाग निरोगी दिसतो आणि फक्त अक्षर नाही, तर उजवी क्लिक करून अक्षर द्यावं. डेटाला धक्का लागत नाही. डिस्क उघडते पण फोल्डरवर ‘परवानगी नाही’ येतं, तेव्हा कारण बहुधा नवं विंडोज असतं: जुन्या विंडोजमधल्या मालकाची ओळख नव्याला पटत नाही, आणि फोल्डरची मालकी आपल्या नावावर घेतली की काम होतं. कुलूप दिसलं तर ते बिटलॉकर. त्याची ४८ अंकी किल्ली लागते, आणि ती बहुतेक वेळा त्या माणसाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. विंडोज ११ नव्याने टाकून मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केला की अनेक मशीनवर हे कुलूप न विचारता लागतं, म्हणून विंडोज मारण्याआधी किल्ली कागदावर उतरवून ठेवावी. किल्ली हरवली तर त्या कुलुपाला आडवाट नाही.

एक प्रसंग लिनक्स वापरणाऱ्यांचा. विंडोजमधलं ‘शट डाउन’ आता अर्धवट झोप असते. त्याला फास्ट स्टार्टअप म्हणतात. अशा झोपलेल्या विंडोजची दुसरी डिस्क लिनक्समधून उघडायला गेलं की लिनक्स ती उघडत नाही किंवा फक्त वाचायला देतं. ते आपल्या भल्यासाठी असतं. परत विंडोजमध्ये जाऊन ‘रीस्टार्ट’ करावं किंवा शिफ्ट दाबून धरून बंद करावं, मग डिस्क उघडते. जबरदस्तीने उघडण्याचे मार्ग आहेत, पण डेटा मोलाचा असेल तर त्या वाटेला जाऊ नये.

आणि मग ‘रॉ’, ‘अनअलोकेटेड’, ‘नॉट इनिशियलाइज्ड’ हे शब्द. इथे नेमकं काय घडलेलं असतं? डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटमध्ये एक छोटा तक्ता असतो: कोणता भाग कुठून कुठपर्यंत. जुन्या पद्धतीत त्यात चार नोंदी बसतात, प्रत्येकी १६ बाइटच्या. म्हणजे दोन टेराबाइटची डिस्क कशी वाचायची हे ६४ बाइटवर ठरतं. तेवढी जागा बिघडली की डिस्क ‘रिकामी’ दिसते. शिवाय प्रत्येक भागाच्या आत त्याची स्वतःची सूची असते, फाइलचं नाव आणि ती कुठे आहे ते सांगणारी. ग्रंथालयाची कार्डांची कपाटं जळाली तरी पुस्तकं फळ्यांवरच असतात, तसं इथे होतं. रचणाऱ्यांनी दूरदृष्टीही दाखवली आहे. नव्या जीपीटी पद्धतीत तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी असते, आणि विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीत भागाच्या पहिल्या सेक्टरची प्रत त्याच भागाच्या शेवटच्या सेक्टरमध्ये. ‘इनिशियलाइझ’ दाबलं की नवा कोरा तक्ता लिहिला जातो. ‘क्विक फॉर्मेट’ने नवी कोरी सूची लिहिली जाते, जुन्या फाइली बव्हंशी खाली तशाच राहतात. पण पूर्ण फॉर्मेट विंडोज व्हिस्टापासून सगळ्या डिस्कभर शून्यं लिहितं. त्यानंतर शोधायला काही उरत नाही.

डिस्क तपासणाऱ्या विंडोजमधल्या चेकडिस्कबद्दल माझं मत कडक आहे. दुरुस्तीचा हुकूम दिलेलं चेकडिस्क सूची सुसंगत करतं, तुमच्या फाइली वाचवणं हे त्याचं काम नाही. एखादी नोंद जुळली नाही तर ते ती काढून टाकतं, आणि सुट्या पडलेल्या तुकड्यांना आकडे देऊन एका फोल्डरमध्ये टाकतं. खराब सेक्टर शोधण्याचा पर्याय दिला तर ते पूर्ण डिस्क तासन् तास वाचत बसतं, आणि आजारी डिस्कचे उरलेले तास त्यात खर्च होतात. नुसतं तपासणारं, काही न लिहिणारं चेकडिस्क चालेल. दुरुस्तीचं चालवायचं तर नक्कल हातात आल्यावरच.

नक्कल म्हणजे फाइली ओढून टाकणं नव्हे, तर पूर्ण डिस्कची सेक्टर-दर-सेक्टर प्रत. यासाठी जीएनयू डीडीरेस्क्यू हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम आहे, लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून चालणारा. त्याची अक्कल अशी की तो पहिल्या फेरीत जे सहज वाचता येतं ते सगळं उचलतो आणि अडणाऱ्या जागा सोडून पुढे जातो. नंतरच्या फेऱ्यांत त्या जागांकडे परत येतो. कुठवर आलो याची नोंद तो एका फाइलीत ठेवतो, म्हणून मध्ये वीज गेली तरी तिथूनच पुढे सुरू करता येतं. विकास नगरमध्ये याचं मोल वेगळं सांगायला नको. एक टेराबाइटची धड डिस्क सेकंदाला १०० मेगाबाइट या वेगाने पावणेतीन तासांत उतरते; जुन्या यूएसबी २ वर आठ-नऊ तास लागतात. आजारी डिस्कला दिवस लागू शकतात. तेवढा वेळ यूपीएस हवा, आणि फक्त इन्व्हर्टर असेल तर त्याचं बटण यूपीएस मोडवर हवं. घेणारी डिस्क देणारीएवढी किंवा मोठी लागते. सुरू करण्याआधी दोन्ही डिस्कवरचे सिरियल नंबर पडद्यावरच्या नंबरांशी ताडून पाहावेत, कारण दिशा उलटी झाली तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते.

डिस्क किती आजारी आहे हे ती स्वतःच ठेवत असलेल्या ‘स्मार्ट’ नोंदींवरून काहीसं कळतं; क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्रॅम त्या दाखवतो. बदललेले सेक्टर आणि प्रलंबित सेक्टर यांचे आकडे शून्य नसतील तर लगेच नक्कल काढावी. सीआरसी त्रुटींचा आकडा वाढत असेल तर दोष बहुधा केबलचा. पण सगळं ठीक दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नये. गूगलच्या संशोधकांनी २००७ साली एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात निकामी झालेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कनी ‘स्मार्ट’च्या चार मुख्य खुणांपैकी एकही दाखवली नव्हती.

नक्कल झाली की मूळ डिस्क काढून बाजूला ठेवायची आणि पुढचे सगळे प्रयोग नकलेवर करायचे. टेस्टडिस्क हा प्रोग्रॅम हरवलेला तक्ता शोधतो. भागांच्या जुन्या सीमा सापडल्या तर नाव-फोल्डरांसकट सगळं परत दिसतं. ते जमलं नाही तर त्याचा जोडीदार फोटोरेक. तो सूचीकडे पाहतच नाही. प्रत्येक प्रकारच्या फाइलीची सुरुवात ठराविक बाइटने होते, त्यावरून तो जेपेग, पीडीएफ, वर्ड अशा फाइली उचलतो. नावं मात्र जातात. मिळालेलं सगळं तिसऱ्याच डिस्कवर उतरवायचं.

एसएसडीची गोष्ट वेगळी आहे, आणि ती कठोर आहे. फाइल पुसली किंवा क्विक फॉर्मेट केलं की विंडोज एसएसडीला ‘ट्रिम’ हा निरोप देतं, आणि एसएसडी त्या जागा आतून मोकळ्या करू लागते. त्यामुळे चुकून फॉर्मेट झालेली एसएसडी त्या क्षणी बंद करणं एवढंच आपल्या हाती असतं, आणि तरीही आशा कमी.

चकतीची डिस्क याउलट किती सोसते याचं उदाहरण कोलंबिया अंतराळयानाचं आहे. १ फेब्रुवारी २००३ रोजी कल्पना चावला आणि तिचे सहा सहकारी ज्या यानात होते ते पृथ्वीवर परतताना फुटलं. अवशेषांत सुमारे ३४० मेगाबाइटची एक हार्ड डिस्क सापडली. तिच्यावर झेनॉन वायूच्या एका प्रयोगाचा डेटा होता. बोर्ड जळला होता, सील वितळून आत धूळ गेली होती, चकत्यांवर ओरखडे होते. क्रोल ऑनट्रॅक या कंपनीच्या प्रयोगशाळेत चकत्या साफ करून नव्या यंत्रणेत बसवल्या गेल्या आणि सुमारे ९९ टक्के डेटा वाचला. प्रयोगाचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. यात नशिबाचा वाटा होता. डिस्क अर्धीच भरलेली होती, आणि त्या कॉम्प्युटरवरचं डॉस डेटा सलग लिहितं, इकडेतिकडे विखरत नाही. मार लागला तो रिकाम्या भागाला.

टकटक करणारी, पडलेली, भिजलेली डिस्क अशाच प्रयोगशाळेचं काम आहे. भिजलेली असेल तर ती वाळवू नये आणि चालू तर मुळीच करू नये. ओलसर असतानाच हवाबंद पिशवीत घालून पाठवावी, कारण पाणी सुकल्यावर चकतीवर जो क्षार उरतो तो हेडला घातक. लखनौत नाझा मार्केटला जा, मुंबईत लॅमिंग्टन रोडला जा, काउंटरवर काही गोष्टी आधीच विचारून घ्याव्यात: काम मूळ डिस्कवर करणार की नकलेवर? डिस्क उघडणार असाल तर स्वच्छ खोली आहे का, निदान आयएसओ क्लास ५ दर्जाची? डेटा निघाला नाही तर पैसे किती? पावतीवर डिस्कचा सिरियल नंबर आणि ‘डेटा हवा, डिस्क नको’ हे शब्द लिहून घ्यावेत. उघड्या टेबलावर स्क्रूड्रायव्हरने झाकण काढायला निघालेल्या माणसाकडून डिस्क शांतपणे परत घ्यावी.

परत मिळालेल्या फाइली तपासताना मराठी घरांत आणखी एक नुकसान होतं, आणि ते टाळता येण्यासारखं आहे. युनिकोड रुळण्याआधीची आपली बरीचशी कागदपत्रं श्री-लिपी किंवा सीडॅकच्या आयएसएममध्ये, पेजमेकरवर वा वर्डमध्ये टंकलेली आहेत. लखनौकडची हिंदी कागदपत्रं कृतिदेवमध्ये. नव्या मशीनवर ती उघडली की देवनागरीच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ दिसतो. फोटोरेकने नावंही पुसलेली असतात. त्यामुळे आजोबांचं आत्मवृत्त ‘खराब फाइल’ म्हणून रिसायकल बिनमध्ये जातं. फाइल शाबूत असते, फक्त फॉन्ट नसतो. तो फॉन्ट बसवला किंवा मजकूर परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणला की ओळी वाचता येतात. म्हणून परत आलेली फाइल उघडल्यावर गचाळ दिसली तरी निदान तिचा आकार आणि फॉन्टचं नाव पाहिल्याशिवाय ती पुसू नये, आणि शेवटची फाइल तपासून होईपर्यंत मूळ डिस्क कोणालाही देऊ नये.